दूध के साथ नक्को

एकतीस वर्षं मी हैदराबादच्या एका शाळेत मराठी व्याकरण शिकवलं. मुलांच्या घरात मराठी, गल्लीत दखनी आणि बाजारात तेलुगू. त्यामुळे कर्ता, कर्म, क्रियापद यांचा मेळ घालताना त्यांची आणि माझी, दोघांचीही दमछाक व्हायची. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. लग्नपत्रिका हातात आली की मी मुहूर्ताच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. नल्लकुंट्यातल्या ओळखीच्या मराठी घरांतून आम्हाला पत्रिका अगदी शेवटी का येतात, याचं कारण बहुधा हेच असावं. भाषा समजण्यात माझी चूक होऊ शकते असं कुणी म्हटलं असतं तर मी त्यालाच शुद्धलेखनाच्या दहा ओळी लिहायला बसवलं असतं. आणि दोन वर्षांपूर्वी पाच शब्दांच्या एका वाक्यात मी अशी काही आपटले की माझी दोन महिन्यांची नात दोन दिवस आईच्या दुधावाचून राहिली.

सून पुण्याची. नोकरीसाठी इथे आली, माझ्या मुलाच्याच कंपनीत होती, पुढचं ओघानेच झालं. बाळंतपणाला तिची आई पुण्याहून आली होती. सव्वा महिना राहून ती परत गेली आणि घराची सूत्रं माझ्या हातात आली. मी वाटच बघत होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, धुरी, बाळाची मालीश, असा माझा सगळा अभ्यासक्रम तयार होता. सून शांत, कमी बोलणारी. बाळ कधी प्यालं, कुठल्या बाजूला प्यालं, किती मिनिटं प्यालं, याची नोंद ती फोनमध्ये ठेवायची. मी म्हणायचे, आमच्या वेळी बाळ रडलं की पाजायचं आणि गप्प झालं की थांबायचं, त्याला फोन लागत नव्हता. ती हसून सोडून द्यायची.

पण एक गोष्ट मी बघत होते. सुरुवातीचे पंधरा दिवस तिला भेगा पडल्या होत्या. ओठ दाबून, डोळ्यांतून पाणी काढत तिने पाजलं होतं. आता कुठे दोघींचं जमलं होतं. नात प्यायला लागली की तिचा पाय हलायचा थांबायचा आणि सुनेच्या चेहऱ्यावर एक सुख दिसायचं. ते बघायला मला आवडायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण कौतुक करायची आम्हा शिक्षकांना सवय नसते.

एका सोमवारी सकाळी ती म्हणाली, "आई, डावीकडे गाठ लागतेय. आणि कणकण वाटतेय."

"दूध साचलंय," मी म्हटलं. "शेकून घे. मी दृष्ट काढते."

मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, मिरच्यांचा ठसका घरभर झाला, पण तापाला त्याचं काही वाटलं नाही. अकरा वाजता एकशे दोन ताप होता. थंडीने तिचे दात वाजत होते आणि डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग लालभडक झाला होता. मुलाने ऑफिसला कळवलं, गाडी काढली आणि आम्ही बरकतपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

या बाई तेलुगू. तेलुगू पेशंटशी तेलुगूत बोलतात आणि उरलेल्या सगळ्या जगाशी दखनीत. गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मुलगा स्टिअरिंग धरून बसला. सून आत गेली. मी नातीला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर. दहा मिनिटांनी दार उघडलं. सुनेच्या मागोमाग बाई दारापर्यंत आल्या, त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि माझ्यासारख्या सासवा रोज बघत असल्याच्या सुरात सांगितलं, "अम्मा, गोली दूध के साथ नक्को. पानी के साथ देओ, खाली पेट." आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझ्या कानांनी सगळं ऐकलं. डोकं मात्र पहिल्या पाच शब्दांवर थांबलं. गोळी आणि दूध एकत्र नको. म्हणजे सुनेने गोळ्या घ्यायच्या आणि तोवर बाळाला पाजायचं नाही. यात न कळण्यासारखं काय होतं? मला तर ते आधीपासूनच माहीत होतं. बाईंनी फक्त दुजोरा दिला.

आपल्या मराठीत अंगावरचं दूध वेगळं आणि वरचं दूध वेगळं. दखनीला एवढा वेळ नाही, तिथे सगळ्याला दूधच म्हणतात. यावरून मी आयुष्यभर दखनीला नावं ठेवली, पण त्या दिवशी "कौनसा दूध?" एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

गाडीत सून मागे डोकं टेकून बसली होती. डोळे मिटूनच म्हणाली, "आई, त्या मला 'पिलाते रहो' म्हणाल्या. म्हणजे पाजत राहा असंच ना?"

"नाही," मी म्हटलं. "पिलाना हे सकर्मक क्रियापद आहे. इथे कर्म अध्याहृत आहे, म्हणजे बोलणाऱ्याने गाळलंय. ते संदर्भावरून घ्यायचं असतं. मला त्या काय म्हणाल्या? पानी. म्हणजे तुला पाणी पाजत राहायचं. तापात पाणी लागतंच."

एकशे दोन तापात अध्याहृत कर्माशी कोण भांडणार? तिने मान हलवली. मुलगा म्हणाला, "आई, तू आहेस म्हणून बरंय." तो इंग्रजी शाळेत शिकला, मराठी पाटी वाचायची तर आधी गाडी थांबवतो. व्याकरण निघालं की तो शरण येतो.

कागदावरही बाईंनी लिहून दिलं होतं. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात, गोळ्यांच्या खाली एक ओळ. मेडिकलच्या दुकानात मुलाने ती दाखवली. "हे काय? कंटिन्यू, आणि पुढे बी. एफ."

"बी. एफ. बोले तो बिफोर फूड," दुकानदार म्हणाला. "खाने के पहले. कंटिन्यू करना, बीच में छोडना नक्को."

त्याचंही चुकलं नाही, त्याच्या काउंटरवर बी. एफ.चा तोच अर्थ चालतो. ब्रेस्टफीडिंग चालू ठेवा, असं बाईंनी लिहिलं होतं. म्हणजे एकच सल्ला त्यांनी बोलून दिला आणि लिहूनही दिला. तो ऐकायला आणि वाचायला दोन इंजिनियर आणि एक एम. ए., बी. एड. हजर होते. तरी घरी पोचेपर्यंत तो बरोबर उलटा झाला होता.

घरी आल्यावर मी हुकूम काढला. सात दिवस गोळ्या, सात दिवस अंगावर पाजणं बंद. नुसतं सांगून भागणार नाही म्हणून कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "औषध चालू असेपर्यंत बाळास अंगावर पाजू नये," आणि फ्रिजवर चिकटवलं. वाक्य निर्दोष होतं. मुलाने पावडरचा डबा आणि बाटली आणली. डब्यामागच्या सूचना त्याने दोनदा वाचल्या, पाणी उकळलं, चमचे मोजले, सगळं शास्त्रशुद्ध. नातीने बाटलीचं बूच तोंडात घेतलं, जिभेने बाहेर ढकललं आणि असा टाहो फोडला की शेजारच्या तेलुगू बाई दारात आल्या.

त्यांना मी गोळ्यांचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "हौ हौ, दवा वेडि चेस्तुंदि. बच्चे को नक्को देओ." तेलुगूत वेडि म्हणजे उष्णता, औषध गरम पडतं, असं त्यांचं म्हणणं. आतल्या खोलीत सुनेला फक्त 'वेडी' ऐकू गेलं. ती क्षीण आवाजात म्हणाली, "आता मला वेडी पण म्हणताहेत का?" मी तिला अर्थ समजावून सांगितला. दुसऱ्यांच्या भाषेतला अर्थ समजावायचा मला फार उत्साह.

मग मलकपेठहून नणंदेचा फोन. "बरोबर केलंस. औषध दुधात उतरतं, माहीत आहे ना?" माहीत होतं. किती उतरतं, कुठलं उतरतं, उतरून काय करतं, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण 'उतरतं' एवढं एक क्रियापद आम्हा दोघींना पुरेसं होतं. गल्लीत पाण्याच्या टँकरवरून, कुत्र्यांवरून, गणपतीच्या मांडवावरून आजवर कधी एकमत झालं नाही, ते या एका बाबतीत संध्याकाळच्या आत झालं.

बाटली चालेना म्हणून मी कपाटातून बोंडलं काढलं. नातीला आडवं धरून थेंबथेंब घातलं. निम्मं तिच्या मानेत गेलं, थोडं पोटात, उरलेलं माझ्या पदरावर. रडून रडून ती झोपायची, झोपेतही हुंदके द्यायची, आणि जाग आली की तोंड फिरवून आईच्या खोलीकडे वळायची. ते मला बघवत नव्हतं. तरी मी बोंडलं भरत होते, कारण आपण योग्य तेच करतोय याची मला खात्री होती.

मंगळवारी सून न्हाणीघरातून आली तेव्हा तिच्या हातात स्टीलची वाटी होती. दुखत असतानाही तिने हाताने दूध काढलं होतं, पाव वाटीच्या आतच. वाटीकडे बघत म्हणाली, "हे काय करू?"

"ओतून दे. औषध असणार त्यात."

तिने सिंकमध्ये ओतलं, वर नळ सोडला आणि नळ बंद करायला विसरली. मग म्हणाली, "आई, उजवीकडे तर काहीच झालेलं नाही. उजवीकडून थोडंसं तरी पाजू का?"

"औषध काय डावं-उजवं बघून उतरतं?" मी म्हटलं. हे उत्तर मला इतकं आवडलं की संध्याकाळी नणंदेला फोन करून ते मी पुन्हा ऐकवलं.

बुधवारी सकाळी ताप एकशे तीन. गाठ लिंबाएवढी झाली होती आणि हात लावू देत नव्हती. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आई," ती म्हणाली, "माझं दूध आटायला लागलंय. सकाळी काहीच आलं नाही."

तिला धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "आटू दे की. माझंही आटलं होतं, याच्या वेळी. असंच, गाठ आली, ताप आला, गोळ्या सुरू केल्या, पाजणं बंद केलं. बारा दिवसांत सगळं संपलं. वरच्या दुधावर वाढला हा. काही बिघडलं का? केवढा घोडा झालाय बघ."

घोडा दारातच उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं.

सून माझ्याकडे वळली. "तुम्हाला वाईट नव्हतं वाटलं?"

पस्तीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला नाही. बारा दिवस मी पोराला छातीशी धरत नव्हते, कारण वास आला की तो तोंडाने शोधायचा. त्याला जावेकडे देऊन मी गच्चीवर कपडे वाळत घालत बसायचे, वाळलेले परत काढून पुन्हा घालायचे. एवढं सगळं मला लख्ख आठवलं आणि त्याचा मला रागच आला.

मी बाहेर आले तेव्हा सून उठून बसली होती. "मला डॉक्टरांकडे जायचंय," ती म्हणाली. "आणि आई, या वेळी तुम्हीही आत या."

गेलो. नातीला घेऊन मी आत, सुनेशेजारच्या स्टुलावर. बाईंनी तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कितने बार पिलारे दिन में?"

"बंद किया है," सून म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कायकू? किसने बोला?"

सुनेने माझं नाव घ्यायला हवं होतं. ती म्हणाली, "समझने में गलती हो गयी." दोन दिवस मी तिला तापात तडफडायला लावलं आणि वर तिनेच मला पाठीशी घालावं, हे मला फार लागलं.

"मैंइच बोली," मी म्हटलं. "आप बोले ना, गोली दूध के साथ नक्को."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मा, वो गिलास का दूध. सासां गोली के साथ गरम दूध पिलाते. ये गोली दूध से, खाने से बराबर लगती नहीं. इसके वास्ते बोली, पानी से देओ." मग सुनेकडे बघून, "तुमकू तो मैं बोली थी, बच्ची को पिलाते रहो. लिख के भी दी."

मग त्यांनी आम्हा दोघींना नीट समजावलं, सावकाश, मी पहिलीच्या वर्गाला समजवायचे तसं. दूध साचलं म्हणून गाठ झाली, तेव्हा बाळाने ते ओढून घेणं हाच निम्मा उपचार. बंद केलं की ते आणखी साचतं, आत पू होतो आणि मग चिरा द्यावा लागतो. या गोळीचा अंश दुधात उतरतो हे खरं, पण अगदी थोडा. बाळ स्वतः आजारी पडलं तर याच जातीचं औषध त्या बाळालाच याहून कितीतरी जास्त देतात. सगळी औषधं अशी नसतात, काही खरोखरच चालत नाहीत. म्हणून घरातली जुनी पट्टी उचलून गोळी घ्यायची नाही, आणि कुठल्याही डॉक्टरला आधी सांगायचं की बाळ अंगावर पितंय, एवढ्या महिन्यांचं आहे, दिवस भरून झालंय की अपुऱ्या दिवसांचं आहे. सोमवारी त्यांनी हे सगळं विचारूनच गोळी निवडली होती. बाळाला पातळ शी व्हायला लागली, अंगावर पुरळ आलं, तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर फोन करायचा. आपल्या मनाने दूध तोडायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून गोळ्याही अर्ध्यावर सोडायच्या नाहीत.

मी मान खाली घालून ऐकत होते. एकाही वाक्यात मला काही दुरुस्त करायला सापडलं नाही.

शेजारच्या खोलीत सोनोग्राफी झाली. पू धरलेला नव्हता. "और दो दिन रुकते तो काटना पडता था," बाई म्हणाल्या. मग, "अब पिलाओ. इधरइच."

सुनेने नातीला माझ्याकडून घेतलं. नातीने तोंड लावलं, सोडलं, मान फिरवली आणि रडायला लागली. दोन दिवसांत ती विसरली की काय? सुनेचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी बाळाचं डोकं जरा वर धरलं, हनुवटी टेकवली आणि थांबल्या. मी माझ्या हातांकडे बघत बसले. आणि मग ते रडणं मधेच थांबलं. मान वर केली तेव्हा नात घोट घेत होती आणि सून रडत होती, दुखत होतं म्हणून आणि दुसऱ्या कारणानेही.

मी बाईंना विचारलं, "पस्तीस साल पहले मेरे को भी ऐसीच गांठ आयी थी. गोलियां दिये, दूध बंद करने को बोले. तब भी बंद नक्को करना था क्या?"

"कौनसी गोली थी?"

"मालूम नहीं."

"डॉक्टर क्या बोले थे आपको?"

सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की डॉक्टर मला काहीच बोलले नव्हते. ते घरी आले होते. त्यांनी मला तपासलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन सासूबाईंशी बोलले. मी आत, पडद्याच्या अलीकडे. मग सासूबाई आत आल्या आणि म्हणाल्या, पाजणं बंद. पस्तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

"मैं सुनी नहीं," मी म्हटलं.

आणि त्या स्टुलावर बसून, पस्तीस वर्षांपूर्वी आटलेल्या दुधासाठी मी मोठ्याने रडले. सुनेने बाळाला न हलवता मोकळा हात माझ्या पाठीवर ठेवला. दार उघडून कुणीतरी आत डोकावलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं.